विम्याचं फोल्डर

स्वतःचे मोजे कुठे असतात हे ज्यांना आजवर ठाऊक नव्हतं, त्या आमच्या ह्यांनी मला हट्टाने कॉम्प्युटरच्या क्लासला घातलं. फोल्डरात फोल्डर कसं करायचं, एक्सेलमध्ये बेरीज कशी लावायची, सगळं शिकले मी. रोज जेवताना हे विचारायचे, "विम्याचे कागद कुठे सेव्ह केलेस? आणि वीजबिलं?" चुकले तरी चिडायचे नाहीत. ह्यांचा हा मऊपणा बघून मी धास्तावलेच. डॉक्टरांनी नक्की काहीतरी सांगितलं असणार! गुपचूप ह्यांचे खिसे तपासले, कपाट उपसलं, पण रिपोर्ट काही सापडला नाही.

काल क्लास संपला. घरी आल्या आल्या ह्यांनी मागितलेली एकेक फाईल मी पटापट उघडून दाखवली.

"वा! आता माझ्यावाचून तुझं काही अडायचं नाही," हे म्हणाले.

मला रडूच फुटलं. "असं अभद्र बोलू नका हो! काय झालंय तुम्हाला?"

"मला काय धाड भरलीये?" म्हणत ह्यांनी पलंगाखालून भरलेली बॅग ओढली.

"खाली गाडीत ती थांबलीये. तुझं सगळं मार्गी लावल्याशिवाय येऊ नका, असं तिनेच बजावलं होतं."