ढेकूण आणि प्रादुर्भाव

"चार-दोन ढेकूण म्हणजे प्रादुर्भाव नव्हे, साहेब. ते कुठल्या घरात नसतात?" घरमालकाचा वकील म्हणाला.

हेमलतानं बाही वर सारून दंडावर उठलेले लाल चट्टे दाखवले. न्यायाधीशांना कीव आली, पण निकाल मालकाच्या बाजूनं लागला. प्रादुर्भाव सिद्ध होत नव्हता, त्यामुळे मुदत संपेपर्यंत भाड्याच्या खोलीचा करार मोडता येणार नव्हता.

बाहेर भाऊ थांबला होता. "दादा, थोडे दिवस तुझ्याकडे येऊ?" तिनं विचारलं.

दादा नकळत मागे सरकला. "अगं, तुझं घर ढेकणांनी भरलंय. आमच्याकडे लहान मूल आहे."

"कोर्ट तर नाही म्हणतंय!"

"कोर्टाला काय जातंय म्हणायला!" त्यानं ढेकणांच्या औषधाची बाटली काढली आणि तिच्या हातात न देता बाकावर ठेवली.

ती उचलून हेमलता त्याच खोलीकडे निघाली.