मुळांतून गेलेली खबर

"हे कोणी केलं?" अत्तारबाईंनी लिंबोणीची पुसून काढलेली फांदी खाली ओढली. झाडं माणसाचा वास लक्षात ठेवून त्याच्यावर गांधीलमाश्या सोडायला शिकल्यापासून कॉलनीत दर रविवारी बाईंचा वर्ग सक्तीचा झाला होता.

"मी," खांबेटे गुरकावले. "काळ्या काटेरी अळ्या होत्या. झाड वाचवलं तुमचं."

"लेडीबर्ड किड्याची पिल्लं होती ती. पानांवरची मावा कीड खायला झाडानंच बोलावलेली. मागच्या रविवारी हेच शिकवलं, तेव्हा तुम्ही मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होतात."

"मग आता किड्यांची माफी मागू?"

बाई चार पावलं मागे सरकल्या.

पहिली गांधीलमाशी मनगटावर डसली. खांबेटे फाटकाकडे पळाले, तर तिथल्या कडुनिंबातूनही माश्या सुटल्या. मुळांमधून खबर त्यांच्या आधी पोचली होती.

धापा टाकत ते घराशी आले. दारातली बकुळ त्यांनी स्वतः लावलेली, बारा वर्षं पाणी घातलेली. ती तरी आपल्या बाजूनं असेल, असं त्यांना वाटलं.

बकुळीत घोंघावणं सुरू झालं. बायकोनं आतून कडी घातली.

"इकडे नका आणू त्यांना," ती म्हणाली.