उपाशी सऱ्या

संयोगितानं टेप तिसऱ्यांदा लावला. पुन्हा तेच. ज्या सहा सऱ्यांना काही म्हणजे काहीच द्यायचं नव्हतं, त्यांतला ऊस जिवाणू खत दिलेल्या सहा सऱ्यांपेक्षा वीतभर उंच होता. पानं तर अशी हिरवी, की काळपट दिसावीत.

ती खाली बसली. बुडाजवळचं ढेकूळ उचललं. त्याच्याआड पाच-सहा पांढरे दाणे होते. युरिया.

शनिवारी सांगलीला हे मांडायचं होतं. कॉलेजच्या संशोधन योजनेत पहिल्या वर्षाचं कुणी घेतलं जाण्याची ही पहिलीच वेळ, आणि तेही उमा मॅडम इतर प्राध्यापकांशी भांडल्या म्हणून. पहिल्या वर्षाच्या पोरांनी परीक्षानळ्या धुवाव्यात, एवढीच त्यांची लायकी, असं बाकीच्यांचं मत. हे आकडे बघितल्यावर त्यांना हसायला निमित्तच मिळणार होतं.

बांधावर तिचे आजोबा, आकाराम हवालदार, गवत कापत होते.

"आबा, ह्या सऱ्यांत युरिया कुणी टाकला?"

"कुठल्या?" ते म्हणाले. पण विळा थांबला होता.

"पाटी लावलीया न्हवं मी? काही घालू नये म्हणून?"

"वाचली की पाटी."

"मग?"

"आगं, रस्त्याकडंचं रान हाय. बाजारला जाणारं माणूस थांबतंय नि इचारतंय, हवालदार, ऊस पिवळा का पडला वो? त्यो कोंडीबा तर म्हणला, पेन्शन बंद झाली काय? काय सांगू त्येला? नातीनं उपाशी ठिवलाय म्हणून?"

"व्हय! आसंच सांगायचं!"

ती एवढ्या जोरात ओरडली, की तिचं तिलाच वाईट वाटलं. पण राग जाईना. चार महिने! दर रविवारी टेप, वही, चिखल. उसात घुसणारी डुकरं, कीड, पाटाचं पाणी, सगळ्यांचा बंदोबस्त तिनं आणि मॅडमनी केला होता. कुंपणानं शेत खाल्ल्याचं ऐकलं होतं. इथं कुंपणानं शेताला जेवू घातलं होतं. त्यावर काय इलाज करणार, कपाळ?

आरडाओरडा ऐकून आजी, अंबूबाई, चहाची किटली घेऊन लगबगीनं आली. तिनं सगळं ऐकून घेतलं. नवऱ्याला चार शब्द सुनावेल, असं संयोगिताला वाटलं होतं. आजीनं किटली खाली ठेवली.

"आवं, म्हंजी तुमी बी घालत हुता?"

संयोगितानं टेप जमिनीवर आपटला.

तिनं साईराजला फोन लावला. योजनेतला हा तिसऱ्या वर्षाचा मुलगा. तो खो खो हसला आणि म्हणाला, "त्या सहा सऱ्यांतनं सरसकट चाळीस सेंटिमीटर वजा कर की. मोजायला कोण येतंय तुझ्या रानात?"

सल्ला सोपा होता. तिनं वहीत एक आकडा तसा लिहिलासुद्धा. त्याच्याकडं बघता बघता तिला स्वतःचीच किळस आली. त्यावर काट मारून तिनं मॅडमना फोन केला आणि सगळं सांगून टाकलं.

मॅडम म्हणाल्या, "युरिया कधी घातला, किती घातला, ते उद्यापर्यंत लिहून आण. आणलंस तर सांगलीला जाशील आणि जे झालं तेच सांगशील. नाहीतर मला तुझं नाव काढावं लागेल. आणि अंदाजे हा शब्द माझ्यासमोर नको."

संयोगितानं दोघांना बांधावर शेजारी शेजारी बसवलं.

"कवा घालत हुता?"

"बाजाराच्या आदल्या दिशी," आबा म्हणाले. "दर आटवड्याला."

"आन् तू गं आजी?"

"एकादशीला नि चतुर्थीला." आजीनं पदर सावरला. "माजा उपास आसला, की मला त्या उसाची लय आठवण यायची बघ."

संयोगितानं मोबाइलवर पंचांग उघडलं आणि तारखा लिहून काढल्या.

"किती घालायचा?"

"सरीला चार मुठी," दोघंही म्हणाले.

"कुणाच्या मुठी?"

दोघांनी एकमेकांच्या हातांकडं बघितलं.

ती घरी जाऊन कॉलेजचा वजनकाटा आणि युरियाची अर्धी पिशवी घेऊन आली. प्रत्येकानं दहा मुठी भरून काट्यावरच्या ताटलीत टाकायच्या, एकेक करून. आजीची मूठ चाळीस ग्रॅमच्या आसपास भरत होती. आबांची पहिली मूठ भरली तेवीस.

"आबा, खरी मूठ."

"हीच की."

"आबा!"

हवालदारांनी नातीकडं चोरून पाहिलं. मग हात पिशवीत कोपरापर्यंत घातला. त्रेसष्ट. पुढं एकसष्ट, चौसष्ट. ती लिहीत गेली. बोटं आखडून आली, तरी दहाच्या दहा मुठी होईपर्यंत तिनं मान वर केली नाही.

"म्होरल्या साली परत करायचं हे?" हात झटकत आबांनी विचारलं.

"नाव ऱ्हायलं तर करायचं. आन् तवा कुणी चिमूटभर बी घालायचं न्हाई. शबुद द्या."

आबांनी युरियाच्या पिशवीचं तोंड आवळून बांधलं.

"त्यो शबुद माझ्यानं देववायचा न्हाई, पोरी. उपाशी दिसला, की हात ऱ्हात न्हाई. मी रानाच्या ह्या अंगाला वरीसभर फिरकणार न्हाई, येवढं लिहून घे."