तिसऱ्या मजल्यावरचं अपील

सकाळी अकरा वाजता शिपायाने "पुढचा!" असा पुकारा केला आणि एक माणूस आत आला. नावं पुकारण्यात वेळ जातो, म्हणून अध्यक्षांनी ती पद्धत केव्हाच मोडीत काढली होती.

जखमी माजी सैनिकांच्या अपिलांचं हे दालन तिसऱ्या मजल्यावर होतं. अध्यक्ष लिफ्टने वर आले की शिपाई ती बंद करी. निम्मी प्रकरणं जिन्यातच निकालात निघतात, असं अध्यक्ष चहा पिताना कौतुकाने सांगत. पोहोचला तो धडधाकट, नाही पोहोचला तो गैरहजर.

आजची फाइल कंबरेची आणि डाव्या गुडघ्याची होती. गाडी उलटली तेव्हा सैनिक कामावर होता, एवढं खालच्या कार्यालयाने मानलं होतं; अपंगत्व मात्र मानलं नव्हतं. हे शेवटचं अपील. यानंतर पेन्शनसाठी ठोठावायला दार उरणार नव्हतं.

माणसाचा शर्ट घामाने पाठीला चिकटला होता. 'नाटकी लेकाचे,' अध्यक्ष मनात म्हणाले.

"साहेब, मी जरा—"

"विचारलं तेवढंच बोला. जिना चढून आलात?"

"हो. लिफ्ट बंद आहे ना."

"डॉक्टर, लिहून घ्या. गुडघा दुखतो?"

"माझा? नाही."

शेजारी बसलेल्या डॉक्टरांनी पहिल्यांदाच मान वर केली. इतकं सरळ उत्तर या खोलीत कुणी दिलं नव्हतं.

"उठाबशा काढा बघू," अध्यक्ष म्हणाले.

"आत्ता?"

"मग काय, मुहूर्त काढू?"

माणसाने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि मुकाट्याने चार-पाच उठाबशा काढल्या. शिपाई तोंड फिरवून हसला.

"बघा," अध्यक्ष डॉक्टरांना म्हणाले, "सरकार म्हणजे यांना सासुरवाडी वाटते. यायचं आणि पाहुणचार झोडायचा."

त्यांनी 'अपील फेटाळले' असं लिहून सही ठोकली. डॉक्टरांनी न वाचताच खाली आपली केली. काम मनासारखं झालं की अध्यक्ष जरा उदार होत.

"हं, बोला आता. मघाशी काय सांगत होता?"

"दाजी दुसऱ्या मजल्यावर बसलेत, साहेब. मी त्यांचा मेव्हणा. पाठीवर घेऊन एकट्याला तेवढंच जमलं. शेवटचा जिना चढवायला तुमचा शिपाई मिळेल का, एवढंच विचारायला आलो होतो."