खालचा गुंता

मशीनची सुई तिने उलटी बसवली, स्क्रू घट्ट पिळला आणि कापडावर चार टाके मारले. पाचव्याला दोरा तटकन तुटला.

"अण्णा! पुन्हा तुटला हो!"

तिने आतल्या खोलीकडे कान दिला, मग आवाज चढवला.

"राहू दे मग. देऊन टाकते मशीन भंगारात."

खाट करकरली. मात्रा लागू पडली होती.

अण्णा तिचे सासरे. चाळीस वर्षं शिंपीकाम केलेला माणूस. सात महिन्यांपूर्वी त्यांचा एकुलता एक मुलगा, म्हणजे तिचा नवरा, तीन दिवसांच्या तापात गेला. पुढचे तीन महिने कसे गेले ते तिला धड आठवतही नव्हतं. दिवस भिंतीपाशी उगवायचा आणि भिंतीपाशीच मावळायचा. मग एका सकाळी अण्णांनी अंथरूण धरलं. ताप नाही, दुखणं नाही. "आता उठून करू काय?" एवढंच म्हणाले. तेव्हा ती पदर खोचून उठली. घरात माणसं दोन; एक पडलं तर दुसऱ्याला उभं राहावंच लागतं.

हेही माणूस हातचं गेलं तर?

दर बुधवारी डॉक्टर येत. गोळ्या क्वचितच देत. "त्यांना कामात गुंतवा," म्हणत. आलोच आहे तर तुमचीही नाडी बघतो, म्हणत. झोप लागते का, जेवण जातं का, हे तिलाच विचारत बसत. आजाऱ्याचं करणारं माणूस खचू नये म्हणून विचारत असतील, असं ती धरून चालली होती.

काम कुठून आणायचं? तेव्हा तिला हे मशीन आठवलं.

अण्णा चष्मा पुसत बाहेर आले. "मशीन आपणहून बिघडत नसतं, सूनबाई. कुणीतरी बिघडवतं."

तिने घाईने कापड सारखं केलं. "म्हणजे मी काय मुद्दाम करते?"

"मी कुठं तसं म्हणालो? आधी ती खिडकी उघड. उजेडाशिवाय सुईचं नाक दिसत नाही मला."

तिने खिडकी उघडली. ऊन आधी तिच्या अंगावर आलं, मग मशीनवर.

काल तिने वरचा दोरा ताण देणाऱ्या चकत्यांमधून न नेता तसाच सुईत ओवला होता. कापडाखाली चिमणीच्या घरट्याएवढा गुंता झाला. ती खालच्या बॉबिनच्या नावाने बोटं मोडत बसली, तेव्हा अण्णा म्हणाले होते, "त्या बिचारीला कशाला बोल लावतेस? गुंता खाली दिसतो, पण चूक वरच्या दोऱ्याची असते." त्याआधी तिने मशीनच्या दातांखाली कापूस कोंबला होता. अकरा वर्षं अण्णांच्या शेजारी बसून शिवणारी बाई असल्या चुका करते म्हटल्यावर कुणालाही संशय आला असता. अण्णांना येत नव्हता. दुःखाने म्हाताऱ्याची नजर बोथट झाली, असं तिला वाटे. वाईट वाटे, आणि सुटल्यासारखंही.

परवा तर तिचाच धीर सुटला होता. दुपार झाली तरी उठवेना. तेव्हा आतून अण्णांचा आवाज आला होता, "काय गं, आज मशीन गप्प कसं? बिघडलं नाही वाटतं?" मग तिने उठून घाईघाईने टेन्शनचा स्क्रू आवळला होता.

अण्णांनी सुई काढली, चिमटीत धरून फिरवली. "हिची सपाट बाजू कुठं यायला हवी?"

"मला काय ठाऊक?"

"ठाऊक नाही? शिकवलं कुणी तुला?"

"होता एक खाष्ट म्हातारा."

"मग बरोबर आहे. त्यालाच येत नसणार."

ती खळखळून हसली. आपलंच हसू कानावर पडून दचकली. अण्णांनी वर पाहिलं नाही. सुई सरळ बसवता बसवता ते गुणगुणू लागले:

"सुई चाले पुढे पुढे, दोरा तिच्या मागे मागे,
एक बसले रुसून, टाका पुढे कसा लागे."

"तेल संपलंय," मग ते म्हणाले. "कोपऱ्यावरून घेऊन ये. रमतगमत जा, मशीन काही पळून जात नाही."

"आणि तुमचं जेवण?"

"एकट्याने घास उतरत नाही माझा. तू आलीस की बसू."

"नखरे तरी किती!" म्हणत ती निघाली. वाटेत तिच्या ध्यानात आलं, आपणही तीच ओळ गुणगुणतोय.

परतली तर दाराशी एक डॉक्टरीणबाई उभ्या. नेहमीचे डॉक्टर गावाला गेले होते. बाई त्यांच्या जागी आल्या होत्या, हातात दवाखान्याचा केसपेपर धरून.

"पेशंट कसे आहेत?"

"हळू बोला," ती कुजबुजली. "फार सुधारलेत. आपणहून उठतात, माझ्याबरोबर जेवतात, आज तर गाणंसुद्धा म्हणाले!" आणि उलट्या सुईचं गुपितही तिने मोठ्या अभिमानाने सांगून टाकलं.

डॉक्टरीणबाई हसल्या, हातातल्या कागदावर पुन्हा एक नजर टाकली. दोघी आत आल्या. नवा चेहरा बघून अण्णा लगबगीने खाटेकडे निघाले, पण उशीर झाला होता. ते तसेच परत मशीनपाशी टेकले.

बाईंनी स्टूल ओढलं, तिच्यासमोर बसल्या आणि तिचं मनगट हातात घेतलं.

"अहो, मी नाही," ती हसली. "पेशंट ते."

बाईंनी कागदाकडे पाहिलं, मग अण्णांकडे. अण्णा मान खाली घालून सुईत दोरा ओवत होते. दोरा केव्हाच ओवून झाला होता.

"या घरचा एकच केसपेपर आहे माझ्याकडे," बाई हलकेच म्हणाल्या. "चार महिन्यांपूर्वी यांनीच दवाखान्यात येऊन काढलेला. तुमच्या नावाचा."