टाकीतली टकटक

"यावर कुणाचाही विश्वास बसणार नाही," स्वतःच्या निरोप समारंभात लॅबप्रमुख बाई चहा ढवळत म्हणाल्या. "नका ठेवू. माझं काही अडत नाही."

बाईंच्या थापांची सगळ्यांनाच सवय होती. खुर्च्या जवळ सरकल्या.

तीस वर्षांपूर्वी त्या गोठवलेल्या भ्रूणांच्या टाकीपाशी उभ्या होत्या. हातात एका जोडप्याचा, त्यांचा भ्रूण नष्ट करायचा अर्ज होता, आणि त्यावर फक्त नवऱ्याची सही होती.

"नियमाप्रमाणे बायकोचीही लागते," त्या म्हणाल्या.

"ती देणार नाही. उरका एकदाचं," डॉक्टर करवादले.

बाई जागच्या हलल्या नाहीत. तेवढ्यात टाकीच्या आतून टकटक ऐकू आली. आत उणे एकशे शहाण्णव अंश. डॉक्टर पांढरेफटक पडले आणि निघूनच गेले. खोलीत बाईंखेरीज चिटपाखरूही उरलं नाही. टकटक वाढतच गेली.

"मी अर्ज टराटरा फाडला," बाई ऐटीत म्हणाल्या, "आणि टकटक त्याच क्षणी बंद."

सगळे हसले. नुकतीच रुजू झालेली डॉक्टर तेवढी हसली नाही.

"खोटं, बाई," ती शांतपणे म्हणाली. "मी लगेच नव्हते थांबले. तुम्ही झाकणावर उलट टकटक केलीत, तेव्हा थांबले."