मागची सीट

एसी सुरू झाला, पण गाडीने हूं की चूं केलं नाही. मालन मागच्या सीटवर कुशीला वळली, पाय पोटाशी घेतले आणि मानेवरचा पदर अलगद बाजूला केला. रेडिएशनने तिथली कातडी भाजल्यासारखी काळी पडली होती. गार वारा लागला तसे तिचे डोळे आपोआप मिटले.

"बरं वाटतंय?" दौलतने ड्रायव्हरच्या सीटवरून विचारलं.

"बोलू नका. पडू द्या जरा."

नवऱ्याने एसी आणखी एक घर वाढवला. परळच्या हॉस्पिटलातून ती रोज दुपारी अशीच उसाच्या चिपाडासारखी होऊन बाहेर यायची. शिवडीच्या घरी पत्र्याखाली जीव नुसता शिजायचा. म्हणून गाडीच्या मालकीण मॅडम ऑफिसात असेपर्यंत तिला तासभर गल्लीत उभ्या गाडीत निजवायचं आणि मग बसमध्ये बसवून द्यायचं, असं त्याने ठरवून टाकलं होतं.

जुन्या गाडीत हे जमलं नसतं. ती नुसत्या पेट्रोलची. एसी हवा तर इंजिन चालू ठेवा, म्हणजे गल्लीभर बोभाटा, वॉचमन काच ठोकायला हजर, आणि संध्याकाळी पेट्रोलचा काटा चुगली करायला मोकळा. ही नवी दोन्हीवर चालणारी, पेट्रोलवर आणि चार्जिंगवरही. रात्री मॅडमच्या बिल्डिंगमध्ये प्लग लावायचा, की दुपारी इंजिन न लावता गारवा. गाडी आली तेव्हा दौलतच जास्त कुरकुरला होता. आवाज नसलेली गाडी ही काय गाडी झाली? आता मात्र त्याचा तिच्यावर भारी भरवसा बसला होता. पोटातलं ओठावर येऊ न देणारी गाडी आहे, असं त्याने मालनला कौतुकाने सांगितलंही होतं. गल्लीत मुकाट बसणारी ही गाडी दुसरीकडे बोलते, हे त्या भल्या माणसाला ठाऊकच नव्हतं.

फोन वाजला. फोन गाडीलाच जोडलेला, त्यामुळे प्रिती मॅडमचा आवाज साऱ्या गाडीत भरला.

"दौलत, माझ्या मोबाइलवर गाडीचा एसी चालू दाखवतोय. कोणी बसलंय का आत?"

विचारण्यात राग नव्हता. बाई स्वभावाने वाईट नव्हत्या. दिवाळीला त्या मालनसाठी आठवणीने साडी द्यायच्या. खरं सांगितलं असतं तर कदाचित 'झोपू दे त्यांना' एवढंच म्हणाल्या असत्या. पण त्या 'कदाचित'वर नोकरी टांगून ठेवायची ताकद दौलतमध्ये उरली नव्हती. बायकोच्या आजाराबद्दल तो मॅडमकडे बोललाच नव्हता. आजारी बायको म्हणजे खाडे, आणि खाडे म्हणजे दुसरा ड्रायव्हर, हे त्याने आजूबाजूला पाहिलं होतं.

"नाही मॅडम," तो म्हणाला. "कोणी नाही."

"मग चालू कसा?"

"चुकून राहिला असेल. बंद करतो."

"नको, राहू दे. मी खाली येतेच आहे, दादरला जायचंय. गार होऊ दे गाडी. गेटवर आणा."

फोन बंद झाला. दौलतने आरशात पाहिलं. मालन उठून बसली होती. पाय चपलांमध्ये सरकवत होती.

"अगं, पटकन तोंडातून गेलं."

"बरं केलंत." तिने अंबाडा नीट केला, हॉस्पिटलची पिशवी घेतली. "कोणी नाही म्हटल्यावर उतरायला हवं ना."

हे टोमणा म्हणून आलं असतं तर दौलतला सोपं गेलं असतं. बोलण्यात टोमणा नव्हता. नुसता थकवा होता. उतरता उतरता तिने सीटवर पडलेल्या सुरकुत्या हाताने सारख्या केल्या, आणि दरवाजा इतका हळू लावला की तो नीट बसलाच नाही. दौलतला उतरून पुन्हा लावावा लागला. तोवर ती चार पावलं पुढे गेली होती.

गाडी गेटवर लागली. प्रिती मॅडम मागे बसल्या, पर्स बाजूला ठेवली आणि म्हणाल्या, "वा, मस्त गार झालीय."

गेटपासून मोठ्या रस्त्याकडे जायला तेवढी एकच गल्ली. फुटपाथ बाइकवाल्यांनी अडवलेला. त्यामुळे मालन रस्त्याच्या मधूनच चालली होती, मानेवर ऊन लागू नये म्हणून पदर घट्ट धरून. एक पाऊल टाकायची, जरा थांबायची, पुन्हा टाकायची. मागे गाडी आल्याचं तिला कळलंच नाही. दौलत मुंगीच्या पावलाने तिच्या मागून गाडी नेत राहिला. अशीच बसस्टॉपपर्यंत न्यावी, असं त्याला वाटत होतं.

मॅडमनी मोबाइलमधून डोकं वर काढलं. "काय झालं? का रखडलो?"

"पुढे एक बाई चालल्यात."

"मग हॉर्न द्या ना. आपल्या गाडीचा आवाज कुठे कळतो त्यांना?"

दौलतचा हात स्टिअरिंगवर तसाच राहिला.

"दौलत?"

त्याने हॉर्न दिला. अगदी हलका दिला, तरी मालन दचकली. लगबगीने कडेला झाली, एका बाइकच्या सीटला धरून उभी राहिली, आणि मान वर न करताच, कुठल्याही गाडीला करतात तशी, हाताने खूण केली, की जा.